फ्रान्सच्या द्राक्षबागांतून कॅम्परव्हॅनने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूर्व फ्रान्समधील अल्सास, ज्युरा आणि बर्गंडी या तीन वाइनप्रदेशांतून आम्ही पतिपत्नींनी भाड्याच्या कॅम्परव्हॅनने, म्हणजे आत झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीने, दोनदा प्रवास केला. परत आल्यापासून नातेवाईक, जुने सहकारी आणि नाशिककडचे काही द्राक्ष बागायतदार स्नेही यांच्याकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा आले, त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत.

एवढी यातायात कशासाठी? साधी मोटार आणि हॉटेल पुरेसे नाही का?

शहरे, राजवाडे आणि संग्रहालये पाहायची असतील तर पुरेसे आहे, किंबहुना तेच सोयीचे आहे. पण द्राक्षबागा पाहायच्या असतील तर त्या सकाळी सहाला आणि संध्याकाळी आठला पाहाव्यात, आणि त्या वेळी हॉटेलातला पाहुणा नेमका शहरात असतो. गावात बस दिवसातून एखाद-दोनदाच येते, आणि संध्याकाळी वाइन चाखल्यानंतर गाडी चालवून मुक्कामी परतणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे. कॅम्परव्हॅनचा खरा फायदा इथे आहे : बागायतदाराच्या अंगणात गाडी उभी केली की मुक्काम तिथेच असतो आणि रात्रीपुरती किल्ली खिशात ठेवून देता येते. हा फायदा घ्यायचा नसेल, म्हणजे रोज नवे शहर गाठायचे असेल, तर कॅम्परव्हॅन घेऊ नये, कारण शहरात ती उभी करायला जागा शोधण्यातच दिवस जातो.

कोणता प्रदेश निवडावा आणि किती दिवस काढावेत?

पहिल्या खेपेस बहुतेकांच्या यादीत बोर्दो, शांपेन, लुआर, बर्गंडी आणि प्रोव्हान्स ही सगळीच नावे असतात. फ्रान्स हा महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट क्षेत्रफळाचा देश आहे आणि ही गाडी रमतगमत जाणारी आहे, त्यामुळे दोन आठवड्यांत दोन किंवा फार तर तीन प्रदेश, एवढेच ठरवावे असे आमचे स्पष्ट मत आहे.

नवख्याने अल्सासपासून सुरुवात करावी. तेथील वाइनमार्ग १९५३ साली आखला गेला. उत्तरेला मार्लेनहाइमपासून दक्षिणेला थानपर्यंत तो सुमारे १७० किलोमीटरचा आहे, आणि संपूर्ण मार्गाच्या एका बाजूला व्होझ डोंगररांगेचा उतार, तर दुसऱ्या बाजूला ऱ्हाइन नदीचे सपाट खोरे राहते. रिबोव्हिले, रिक्विर, कायझर्सबेर्ग, एगिसहाइम ही गावे एकमेकांपासून इतकी जवळ आहेत की गाडी एका ठिकाणी ठेवून बागांमधल्या पायवाटेने पुढच्या गावी चालत जाता येते. डोंगर पश्चिमेचा पाऊस अडवतो, त्यामुळे कोलमार हे फ्रान्समधील कमी पावसाच्या शहरांपैकी एक आहे. सह्याद्रीच्या पूर्वेकडचा पर्जन्यछायेचा पट्टा ठाऊक असलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

ज्युरा हा आमचा सर्वांत आवडता भाग आहे, आणि तिथे गर्दी कमी असते म्हणून त्याबद्दल लिहिताना हात थोडा आखडतो. आर्ब्वा हे त्याचे मुख्य गाव. लुई पाश्चर यांचे बालपण या गावात गेले, पुढे वाइन का बिघडते याचा अभ्यासही त्यांनी इथेच केला, आणि गावाजवळ त्यांची स्वतःची लहानशी द्राक्षबाग होती. येथील ‘व्हँ जोन’, म्हणजे पिवळी वाइन, साव्हान्यँ नावाच्या द्राक्षापासून करतात. पिंपातली वाइन बाष्पीभवनाने कमी होत जाते, पण एरवी करतात तशी वरून भर घालत नाहीत. उघड्या पडलेल्या पृष्ठभागावर किण्वाची पातळ साय धरते आणि त्या सायीखाली ती वाइन मुरते. द्राक्षे तोडल्यापासून किमान सहा वर्षे आणि तीन महिने उलटल्यावरच ती विक्रीला येते. तिची बाटली नेहमीच्या ७५ सेंटिलिटरची नसून ६२ सेंटिलिटरची असते. एक लिटर वाइनमधून एवढ्या वर्षांनी एवढीच उरते, असे तिथे सांगतात. पहिला घोट अक्रोडासारखा, खारट आणि थोडा विचित्र लागतो. दुसऱ्या घोटाबरोबर कोंते चीजचा तुकडा खावा आणि मगच मत बनवावे.

आर्ब्वाहून बर्गंडीतील बोन हे गाव ऐंशी-नव्वद किलोमीटरवर आहे. दिजोंपासून सांतनेपर्यंतचा सुमारे ६० किलोमीटरचा ‘रूत दे ग्राँ क्रू’, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या बागांचा मार्ग, १९३७ साली आखला गेला. नाव मोठे आहे म्हणून भव्य काही दिसेल, ही अपेक्षा मात्र ठेवू नये. दिसते ती एक उताराची पट्टी, तिच्यावर कमरेइतक्या उंचीच्या वेली, आणि मध्येमध्ये दगडी गडगे. त्या गडग्यांतच सगळी गंमत आहे. इथे जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला नाव आहे, त्याला ‘क्लिमा’ म्हणतात, आणि अशा १,२४७ क्लिमांची २०१५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंद झाली. क्लो द व्हूजो ही भिंतीआडची बाग जेमतेम ५० हेक्टरांची आहे, पण तिचे मालक ऐंशीच्या आसपास आहेत. फ्रान्समध्ये वारसांना समान वाटा देण्याचा कायदा नेपोलियनच्या काळापासून आहे. त्यामुळे एकेकाच्या वाट्याला मोजक्या ओळी येतात, आणि प्रत्येक जण आपापल्या ओळींची वेगळी वाइन करतो. सातबाऱ्यावर चुलत्यांची आणि आत्यांची नावे लांबत गेलेली पाहिलेल्या मराठी माणसाला बर्गंडी इतरांपेक्षा लवकर कळते.

कोणत्या महिन्यात जावे?

मेचा उत्तरार्ध, जून आणि सप्टेंबर हे उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये फ्रेंच लोक स्वतःच सुट्टीवर निघतात, गाडीचे भाडे चढते आणि संध्याकाळी पाचनंतर मुक्कामाच्या जागा भरलेल्या असतात. नोव्हेंबर ते मार्च या काळात अनेक कँपिंगे, म्हणजे तंबू आणि अशा गाड्या लावून राहण्याच्या जागा, बंद असतात आणि पाणी गोठू नये म्हणून सार्वजनिक नळही बंद ठेवतात. शिवाय १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात व्होझ आणि ज्युरातील डोंगराळ गावांत हिवाळी टायर किंवा साखळ्या बाळगणे बंधनकारक असू शकते. तरीही नोव्हेंबरातच जायचे असेल तर बोन गाठावे, कारण त्या महिन्याच्या तिसऱ्या रविवारी तेथील जुन्या धर्मादाय रुग्णालयाच्या वाइनचा लिलाव होतो. रुग्णालय १४४३ सालचे आणि लिलाव १८५९ पासूनचा आहे.

नाशिकच्या मित्रांसाठी एक गोष्ट अधिक. आपल्याकडे एप्रिलात नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, पावसाळा सरताना फळासाठी गोडी छाटणी, आणि वाइनच्या द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्च, असे वेळापत्रक असते. तिथे वेल थंडीत खरोखरच झोपतो, त्यामुळे छाटणी एकदाच, हिवाळ्यात होते आणि काढणी ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर या काळात उरकते. त्यांची मोठी धास्ती एप्रिलची असते, कारण कोंब फुटल्यावर एका रात्रीचे हिम पडले तरी वर्षाचे पीक जाते. २०२१ च्या एप्रिलात असेच झाले. अशा रात्री ओळींमधून मोठ्या मेणबत्त्या पेटवतात. अवकाळी गारपिटीच्या रात्री जागे राहिलेल्यांना त्या मेणबत्त्यांची छायाचित्रे केवळ सुंदर वाटणार नाहीत.

काढणीच्या दिवसांत बागा पाहण्यासारख्या असतात, पण बागायतदाराला मान वर करायला सवड नसते. तेव्हा चाखायला आधी विचारून जावे, आणि ‘आज जमणार नाही’ असे उत्तर आले तर वाईट वाटून घेऊ नये.

भारतीय परवान्यावर गाडी चालवता येते का? व्हिसाचे काय?

अल्प मुदतीच्या भेटीसाठी चालवता येते. मात्र मूळ परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना किंवा अधिकृत फ्रेंच भाषांतर जवळ असले पाहिजे. आंतरराष्ट्रीय परवाना आपल्याच आरटीओकडून मिळतो आणि त्याची मुदत एक वर्षाची असते. भाड्याने घेतलेली गाडी एकूण ३.५ टनांच्या आतलीच असावी, कारण तिथे मोटारीच्या परवान्याची मर्यादा तेवढीच आहे.

पर्यटनासाठी शेंगेन व्हिसा लागतो आणि किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण असलेला प्रवासविमा जोडावा लागतो. अर्जात राहण्याच्या जागेचा पुरावा मागतात, आणि ‘आम्ही गाडीत झोपणार आहोत’ एवढे लिहून भागत नाही. गाडीचे आरक्षण, ठरलेल्या मार्गाचा तपशील आणि त्या मार्गावरच्या कँपिंगांची आरक्षणे एकत्र जोडणे हा आम्ही वापरलेला मार्ग होता.

केवढी गाडी घ्यावी?

दोघांसाठी सहा मीटरच्या आतली, पत्र्याच्या बंद व्हॅनमधूनच घडवलेली गाडी घ्यावी. अशा बऱ्याच गाड्या फियाट डुकाटो किंवा तिच्या जातकुळीच्या व्हॅनवर बांधलेल्या असतात. रुंदी आरसे सोडून दोन मीटरहून थोडी अधिक, उंची अडीच मीटरच्या पुढे. मागे चौकोनी खोली जोडलेली मोठी गाडी आतून ऐसपैस वाटते, पण ती आणखी वीत-दीड वीत रुंद असते, आणि जुन्या गावाच्या कमानीखाली ती वीत महागात पडते. पहिल्या प्रवासात आम्ही मोठी गाडी घेतली होती. एका गावात गल्ली अरुंद होत गेली, मागे दोन मोटारी येऊन थांबल्या, आणि शेवटी एका आजीबाईंनी आपल्या खिडकीच्या झडपा आतून मिटून घेतल्या तेव्हा आमचा आरसा चार बोटांच्या अंतराने सुटला. त्यांनी तेवढ्यात हातानेच ‘या, या, पुढे’ अशी खूणही केली, म्हणजे हे त्यांना रोजचेच असावे.

गाडी ताब्यात घेताना छतासह चारही बाजूंची छायाचित्रे काढून ठेवावीत, आणि गाडीची उंची कागदावर लिहून काचेपाशी चिकटवावी. वाहनतळांच्या तोंडाशी बऱ्याचदा दोन मीटरच्या आसपास आडवी दांडी असते, आणि ती दिसेपर्यंत मन मोटारीच्याच हिशेबात चालत असते.

रस्त्याचे नियम आपल्यापेक्षा किती वेगळे आहेत?

गाडी उजव्या बाजूने चालवायची, आणि हे पहिल्या दिवशी नव्हे, तर चौथ्या दिवशी सकाळी रिकाम्या रस्त्यावर विसरायला होते. दुभाजक नसलेल्या ग्रामीण रस्त्यांवर १ जुलै २०१८ पासून ताशी ८० ची मर्यादा आली, पुढे काही जिल्ह्यांनी काही रस्त्यांवर ती पुन्हा ९० केली, त्यामुळे पाटी पाहावी. वस्तीत ५०, द्रुतगती मार्गावर १३० आणि पावसात ११०. खेड्यांतल्या चौकात पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, मग तो कितीही लहान गल्लीतून येत असो. टोलच्या दृष्टीने दोन ते तीन मीटर उंचीची गाडी दुसऱ्या वर्गात मोडते आणि तिला मोटारीपेक्षा जास्त टोल पडतो. कोलमारजवळून जाणारा मुख्य मार्ग विनाटोल आहे. पण टोल वाचवण्यापेक्षा द्राक्षांचा रस्ताच धरावा, त्यासाठीच तर आलो आहोत.

बर्गंडीत वेलींच्या दोन ओळींमध्ये साधारण मीटरभरच अंतर असते आणि हेक्टरी दहा हजारांच्या आसपास वेली असतात. आपल्याकडे दोन ओळींत ट्रॅक्टर जातो, तिथे तो जाऊच शकत नाही. म्हणून त्यांचा ट्रॅक्टर उंच पायांचा असतो आणि ओळीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून वरून चालतो. वळणावर असे यंत्र समोर आले तर आपण थांबावे. ते कामावर निघालेले असते.

रात्री गाडी कोठे उभी करायची? कुठेही थांबले तर चालते का?

कुठेही नाही. गाडी उभी करणे आणि तळ ठोकणे यांत फ्रान्समध्ये फरक करतात. चार चाकांवर, खिडक्या बंद करून, परवानगीच्या जागेत उभी असलेली गाडी ही उभी गाडीच आहे. पण छत्री उघडली, खुर्च्या मांडल्या, की तो तळ झाला आणि त्यासाठी कँपिंगमध्येच जावे लागते. नगरपालिका आपल्या हद्दीत कॅम्परव्हॅनना रात्री बंदीही करू शकते, तेव्हा गावाच्या वेशीवरची पाटी वाचावी.

यापलीकडे तीन पर्याय राहतात. पहिला म्हणजे नेहमीचे कँपिंग, जिथे वीज, आंघोळीची सोय आणि कपडे धुण्याचे यंत्र मिळते. दुसरा म्हणजे ‘एर द काँपिंग-कार’. हे खास अशा गाड्यांसाठी गावाने राखलेले वाहनतळ असतात, कधी विनामूल्य, कधी थोड्या पैशांत, आणि बहुधा गावाच्या मैदानाजवळ किंवा सहकारी वाइनगृहाच्या मागे. तिसरा पर्याय बागायतदाराच्या अंगणाचा, आणि त्याबद्दल सविस्तर लिहिले पाहिजे.

१९९३ साली सुरू झालेल्या ‘फ्रान्स पास्यों’ या व्यवस्थेत द्राक्ष बागायतदार, चीज करणारे, मध गोळा करणारे आणि इतर शेतकरी आपल्या आवारात कॅम्परव्हॅनला २४ तासांपर्यंत विनामूल्य जागा देतात. प्रवाशाने वर्षाचे सभासदत्व घ्यायचे, काचेवर त्याचे चिन्ह लावायचे आणि त्या वर्षाची यजमानांची यादी जवळ ठेवायची. गाडीत स्वतःचे शौचालय आणि सांडपाण्याची टाकी असणे ही अट आहे, कारण यजमान फक्त जागा देतो. पाणी किंवा वीज देण्यास तो बांधील नाही. त्याच्याकडून काही विकत घेतलेच पाहिजे, असेही बंधन नाही.

विकत घेण्याचे बंधन नाही म्हणता, मग रिकाम्या हाताने निघाले तर चालते का?

नियमाने चालते. पण आपण कोणाच्या ओसरीवर रात्रभर मुक्काम केला आणि सकाळी न बोलता निघालो, तर मागे काय म्हणतील हे जसे आपल्याला कळते, तसेच ते तिथेही आहे. आल्याबरोबर इंजिन बंद करून घराकडे जावे, ‘बाँजूर’ म्हणावे आणि गाडी कुठे लावू असे विचारावे. अंधार पडण्याआधी पोचावे. संगीत, चूल, धुण्याची दोरी यांतले काही बाहेर काढू नये. निघताना निरोप घ्यावा. आम्ही प्रत्येक ठिकाणी एक तरी बाटली घेतली, आणि जिथे वाइन आवडली नाही तिथे द्राक्षांचा रस किंवा जॅम घेतला.

ज्युरातल्या एका अंगणात आम्ही संध्याकाळी सातला पोचलो, तेव्हा घरमालक रबरी बूट घालून नळीने पिंपे धूत होते. त्यांनी मान हलवून अक्रोडाच्या झाडाखालची जागा दाखवली आणि पुन्हा कामाला लागले. तासाभराने ते स्वतःच दार वाजवायला आले आणि तळघरात घेऊन गेले. खाली ओल्या दगडाचा आणि अक्रोडाच्या सालीचा मिळून एक वास होता. त्यांनी काचेच्या लांब नळीने एका पिंपातून थोडी वाइन ओढून आमच्या पेल्यात सोडली आणि खडूने लिहिलेल्या सालावर बोट ठेवले. ती बाटलीत भरायला अजून तीन वर्षे अवकाश होता. नाशिकजवळ आमच्या मेहुण्यांची द्राक्षे आहेत, हे मी मोडक्या फ्रेंचमध्ये सांगितले, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न असा होता की तिथे वेल झोपतो केव्हा. झोपत नाही, वर्षातून दोनदा छाटतात, हे ऐकून त्यांनी पेला खाली ठेवला आणि ‘बिचारा वेल’ अशा अर्थाचे काहीतरी म्हणाले.

वाइन चाखत फिरायचे आणि गाडीही चालवायची, हे जमते कसे?

जमत नाही, आणि जमवू नये. फ्रान्समध्ये रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम मद्यार्क ही मर्यादा आहे, नवशिक्या परवानाधारकांसाठी ०.२. भारतातील मर्यादा १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम, म्हणजे लिटरमागे ०.३ ग्रॅम आहे, त्यामुळे तिथला नियम सैल वाटतो आणि माणूस हिशेब मांडू लागतो. तो हिशेब असा आहे : बारा टक्क्यांच्या १० सेंटिलिटर वाइनमध्ये सुमारे १० ग्रॅम मद्यार्क असतो. एका घरी सहा वाइन प्रत्येकी तीन-चार सेंटिलिटर चाखल्या, की असे दोन पेले पोटात गेले. दुपारपर्यंत अशी दोन घरे झाली, तर पुढे मोजण्यासारखे काही उरत नाही.

त्यावर उपाय दोन. चाखून थुंकणे हा पहिला. त्यासाठी मेजावर ‘क्राशुआर’ नावाचे भांडे ठेवलेले असते, आणि त्यात थुंकणे असभ्य मानत नाहीत. उलट, हा माणूस चाखायला आला आहे, प्यायला नाही, असे यजमानाला कळते. आपल्या हातांना आणि संस्कारांना ते पहिल्यांदा अवघड जाते, म्हणून घरी पाणी तोंडात घेऊन बेसिनमध्ये सराव करावा, हा सल्ला हास्यास्पद वाटला तरी खरा आहे. दुसरा उपाय अधिक चांगला : ज्या दिवशी चाखायचे त्या दिवशी गाडी हलवायची नाही. सकाळी पंधरा-वीस किलोमीटर चालवून गाव गाठावे, गाडी लावावी, आणि मग पायी किंवा सायकलने फिरावे. बोनपासून सांतनेपर्यंत बागांमधून सायकलमार्ग आहे. अर्थात वाइन पिऊन सायकल चालवणेही गुन्हाच आहे, हे विसरू नये.

आम्हाला वाइनमधले काही कळत नाही. हसे होणार नाही ना?

लहान बागायतदाराकडे होत नाही. तिथे चाखण्याचा क्रम तेच ठरवतात : आधी हलकी पांढरी, मग भारी, मग लाल, आणि गोड शेवटी. जी चव लागली ती साध्या शब्दांत सांगावी. अल्सासच्या गेव्युर्झट्रामिनरला माझ्या पत्नीने ‘लिची आणि गुलकंद’ म्हटले, आणि गुलकंद म्हणजे काय हे समजावण्यात अर्धा तास गेला. बर्गंडीतील नामांकित घरे मात्र आधी वेळ ठरवल्याशिवाय दार उघडत नाहीत, आणि तिथे केवळ चाखण्यासाठी जाणे त्यांनाही आवडत नाही.

बागेतून जाताना दोन-चार द्राक्षे तोडून खाल्ली तर?

तोडू नयेत. एक तर ती कोणाच्या तरी वर्षभराच्या कष्टाची आहेत, आणि बर्गंडीतल्या एका घडाची किंमत आपण मनात धरतो त्याहून बरीच जास्त असते. दुसरे असे की त्यांवर फवारणी झालेली असते. या सवयीतूनच शेतीतला एक मोठा शोध लागला आहे, आणि तो महाराष्ट्रातल्या प्रत्येक द्राक्ष बागायतदाराच्या घरात आहे. बोर्दोजवळच्या मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर वाटसरूंनी डल्ला मारू नये म्हणून शेतकरी मोरचूद आणि चुना यांचे निळसर मिश्रण शिंपडत, म्हणजे घड विषारी दिसत. १८८२ साली पिएर-मारी-अलेक्सी मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या लक्षात आले की आतल्या वेली केवडा रोगाने गळाल्या आहेत आणि रस्त्याकडेच्या तेवढ्या हिरव्या आहेत. प्रयोगांनंतर १८८५ मध्ये त्यांनी ते जाहीर केले. हेच आपले बोर्डो मिश्रण.

पाणी आणि शौचालय यांची व्यवस्था कशी असते?

स्वच्छ पाण्याची टाकी साधारण शंभर लिटरची असते. आंघोळ बेताची ठेवली तर दोघांना दोन-तीन दिवस पुरते. बऱ्याच ‘एर’ वाहनतळांवर एक खांब असतो, त्याला ‘बोर्न’ म्हणतात. तिथे पिण्याचे पाणी भरायचे, धुणीभांड्यांचे पाणी खालच्या जाळीवर सोडायचे आणि शौचालयाची पेटी ठरलेल्या तोंडातच ओतायची. ती अठरा-वीस लिटरची असते आणि दोन-तीन दिवसांनी रिकामी करावीच लागते. हे काम कोणाचे, हे निघण्याआधी घरातच ठरवून घ्यावे. पेटी धुण्याचा नळ वेगळा असतो. पिण्याचे पाणी त्यातून भरू नये, आणि नळावर ‘नों पोताब्ल’ लिहिले असेल तर ते पाणी पिण्याचे नाही. सांडपाणी बागेच्या चरात सोडून देणारे प्रवासी आम्ही पाहिले आहेत. त्यानंतर त्या गावात कॅम्परव्हॅनना बंदी आली, तर दोष गावाचा नाही.

शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

खाणावळीत थोडे होतात, गाडीत होत नाहीत. दोन शेगड्या असतात, आणि शनिवारच्या बाजारातली वांगी, टोमॅटो, फरसबी घेऊन आमचा रोजचा स्वयंपाक व्यवस्थित होत असे. शिजवताना छतावरची खिडकी उघडी ठेवावी आणि गाडी हलवण्याआधी गॅसची तोटी बंद करावी. मसाले आणि पोहे नेता येतात. मात्र तूप, पेढे यांसारखे दुधाचे पदार्थ युरोपीय संघात प्रवाशाच्या सामानातून नेता येत नाहीत, आणि ताजा कढीपत्ता व हिरव्या मिरच्याही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. रविवारी दुपारनंतर आणि बऱ्याच गावांत सोमवारी दुकाने बंद असतात, तेव्हा शनिवारीच भाजी भरून ठेवावी.

काटेकोर शाकाहार पाळणाऱ्यांनी दोन गोष्टी जाणून घ्याव्यात. कोंतेसारख्या पारंपरिक चीजमध्ये वासराच्या पोटातील विरजण वापरतात, आणि काही वाइन अंड्याच्या पांढऱ्या भागाने किंवा माशापासून काढलेल्या पदार्थाने निवळतात. विचारले तर बागायतदार मोकळेपणाने सांगतात.

घरात कोणी वाइन पीत नसेल तर हा प्रवास व्यर्थ आहे का?

नाही. माझे वडील दुसऱ्या प्रवासात चार दिवस आमच्याबरोबर होते आणि त्यांनी थेंबालाही हात लावला नाही. त्यांनी रोज सकाळी बागेत जाऊन तारा कशा ताणल्या आहेत, काडी कुठे बांधली आहे, हे पाहिले, आणि भाषा येत नसताना एका मजुराबरोबर कात्रीच्या धारेवर बराच वेळ ‘बोलले’.

किती बाटल्या भारतात आणता येतात?

प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य सीमाशुल्काशिवाय आणता येते. म्हणजे ७५ सेंटिलिटरच्या दोन बाटल्या बसतात आणि अर्धा लिटर वाया जातो. मात्र ज्युराच्या ६२ सेंटिलिटरच्या बाटल्या घेतल्या तर तीन मिळून १८६ सेंटिलिटर होतात, आणि त्या मर्यादेत चपखल बसतात. बाटल्या हातातल्या सामानात चालत नाहीत, मोठ्या बॅगेत लोकरी कपड्यांत गुंडाळून ठेवाव्यात. आमच्या तीनपैकी एक नाशिकला मेहुण्यांकडे उघडली. त्यांनी पहिल्या घोटानंतर पेला नाकाशी धरून बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, ही खराब झाली आहे का. दुसऱ्या घोटानंतर मात्र त्यांनी बाटली आपल्या बाजूला सरकवून घेतली.